अर्धा किलो वजा

कारखान्यानं शेवटचे सात पगार दिलेच नाहीत.
त्याऐवजी ज्याला जे मिळेल ते.
गिव्हीला ट्रकची चार चाकं, ट्रकशिवाय.
हिशेबखात्यातल्या त्सियालाला पडद्याचं हिरवं कापड.
मला कुणी काही दिलं नाही. मीच उचललं
प्रमाणशाळेच्या कपाटातलं
एक किलोचं पितळी वजन,
ओढणीत गुंडाळून, पोटाशी धरून,
फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटावं, बाई आजारी आहे.

बावीस वर्षं मी काटे तपासले.
माझा शिक्का नसेल त्या काट्यावर
कुताइसीत कुणी साखर विकत नसे.

मग अकरा महिने घरी.
आधी पियानो गेला, मग पियानोचं स्टूल
(ते वेगळं विकलं, जास्त आले).
ओतार खिडकीशी बसायचा,
कुणी विचारलं तर म्हणायचा, काम शोधतोय.
खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच.

मक्याचं पीठ संपलं तो मंगळवार होता.
न्हाणीघरातला काटा मी पिशवीत घातला,
माझ्या चाळिशीला मैत्रिणींनी चेष्टेनं दिलेला.
पुलाच्या या टोकाला, सूर्यफुलाच्या बिया विकणारीच्या शेजारी
पुठ्ठा मांडला:
वजन – दहा तेत्री.

रुमाल भुवयांपर्यंत ओढून बसले होते.
आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर बेसारियोन सर,
ज्यांनी मला शाळेत तरफ शिकवली.
त्यांनी टोपी काढली, बूट काढले,
मोज्याला भोक होतं ते दुसऱ्या पायानं झाकलं
आणि काट्यावर उभे राहिले, परीक्षेला उभं राहावं तसे.
वीस तेत्री दिले.
मी दहा परत केले.
ते 'राहू दे' म्हणाले नाहीत.
त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

काट्याचं शून्यावर आणायचं चाक तुटलंय.
रोज सकाळी पितळी वजन ठेवून बघते:
एकाचे दीड दाखवतो.
म्हणून प्रत्येकाला सांगते, अर्धा किलो वजा करा.
बियावाली हसते, अगं, अर्ध्या किलोनं काय होतंय?
पण मापात पाप नको. बाकी कशाकशात झालंय ते झालंय.

दर शुक्रवारी एक बाई येते, करडा कोट,
कोट काढून माझ्या हातात देते, मगच चढते.
सत्तेचाळीस. पंचेचाळीस. साडेचव्वेचाळीस.
त्या दिवशी जीभ अडली. वाटलं, आज वजा नको करायला.
केलं.
ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस.
घरी सगळे म्हणतात, छान दिसतेस.

ट्रॅबझोनच्या बसला तीस किलोच सामान चालतं
हे मला एका रडवेल्या पोरानं सांगितलं.
सूटकेस घेऊन उभा राहा, मग सूटकेस ठेवून उभा राहा,
उरेल ते तुझं सामान.
इथे अर्धा किलो आपोआप कटतो, ते त्याला समजावलं.
चौतीस भरलं.
पुलावरच त्यानं बॅग उघडली,
आईनं दिलेली लोणच्याची बरणी माझ्यापाशी ठेवून गेला.
दुसऱ्या दिवशी मी सुतळी आणली. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी.
आता बसच्या दिवशी दोन स्टुलं लागतात.
दुसऱ्यावर ओतार. त्याच्या गाठी सरहद्दीपर्यंत सुटत नाहीत
अशी त्याची ख्याती झालीय, तोच पसरवतो.

परवा नगरपालिकेचा माणूस आला, फॉर्म घेऊन.
आधीचा व्यवसाय? वजनं.
सध्याचा? वजनं.
मग यात बदललं काय, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, पूर्वी बसायला खुर्ची होती, आणि थंडीत हीटर.

जाता जाता तो काट्यावर चढला,
सरकारी माणूस चढतो तसा, बुटांसकट.
एक्क्याण्णव, मी म्हटलं, अर्धा वजा करा,
बुटांचे वेगळे.
आणि हात पुढे केला.